दोन प्रयोगशाळा, एकच चारा: किण्वनाचे आकडे जुळवायचे कसे

एकाच पोत्यातले वाळलेले गवत दोन प्रयोगशाळांत पाठवले. एकीकडून २४ तासांच्या वायूचा आकडा ४१ मि.ली. आला, दुसरीकडून ४८. दोन्हीकडच्या लोकांनी मन लावून काम केले होते, दोन्हीकडच्या नोंदी नीटनेटक्या होत्या. मग जनावरांचा आहार बसवताना धरायचा कोणता आकडा? चाऱ्याच्या किण्वनावर, म्हणजे तो आंबण्यावर, काम सुरू केले की हा प्रश्न पहिल्या काही महिन्यांतच समोर येतो, आणि बहुतेक नवशिके यंत्राला दोष देऊन मोकळे होतात. माझा अनुभव वेगळा आहे. फरक बहुतेक वेळा यंत्रात नसतो, तो पद्धतीच्या कागदावर कोणी न लिहिलेल्या बारीक गोष्टींत असतो. त्या गोष्टी एकेक करून बांधून घ्यायच्या कशा, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी: आपण मोजतो काय?

रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोटीपोटात, म्हणजे रुमेनमध्ये, ऑक्सिजनशिवाय जगणारे सूक्ष्मजीव चारा आंबवतात. त्यातून ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात, आणि कार्बन डायऑक्साइड व मिथेन हे वायू. प्रयोगशाळेत हेच काम बाटलीत किंवा काचेच्या सिरिंजमध्ये करून घेतात: दळलेला चारा, गाळलेला रुमेन द्रव, बायकार्बोनेटचे माध्यम (सूक्ष्मजीवांना जगवणारे क्षारांचे पाणी) आणि ३९ अंश सेल्सिअस तापमान.

जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठात मेन्के आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडलेली सिरिंजची पद्धत आजही पाया मानली जाते. २०० मि.ग्रॅ. नमुना, १० मि.ली. रुमेन द्रव, २० मि.ली. माध्यम, आणि २४ तासांनी दट्ट्या किती सरकला ते वाचायचे. त्याआधीची, १९६३ची टिली आणि टेरी यांची पद्धत वायू मोजत नाही. ४८ तास रुमेन द्रवात आणि ४८ तास पेप्सिन या प्रथिने पचवणाऱ्या विकरात ठेवून उरलेला चारा वजन करायचा, ही तिची रीत. पुढे दाब मोजणाऱ्या बंद बाटल्या आल्या आणि मग आपोआप नोंद ठेवणारी, ठरावीक दाबाला झडप उघडणारी उपकरणे आली.

एक गोष्ट इथेच पक्की करा. दिसणारा सगळा वायू चाऱ्यातून येत नाही. सूक्ष्मजीवांनी केलेले आम्ल माध्यमातल्या बायकार्बोनेटवर काम करते आणि त्यातूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. एका मिलिमोल (रेणूंची संख्या मोजायचे एकक) आम्लामागे जवळजवळ तेवढाच, आणि माध्यमात फॉस्फेट जास्त असेल तर थोडा कमी. प्रोपिऑनिक आम्ल तयार होताना तर थेट वायू निघतच नाही, जो दिसतो तो माध्यमातला. म्हणजे माध्यम बदलले की चारा तोच राहूनही आकडा बदलतो. दोन प्रयोगशाळांच्या निम्म्या तक्रारींचे मूळ मला इथेच दिसते.

पायरी १: जुळवायचे काय, ते ठरवा

दहा चाऱ्यांचा क्रम जुळला तर पुरे आहे, की प्रत्येकाचा आकडा जुळायला हवा? या दोन फार वेगळ्या मागण्या आहेत. पहिली बऱ्यापैकी लवकर साधते. एका ठिकाणी मक्याचे दाणे वर, मुरघास मध्ये आणि गव्हाचा भुसा तळाला आला, तर दुसरीकडेही बहुधा तसेच दिसते. दुसरी मागणी महाग आहे, तिला वेळ लागतो. बियाणे निवडणाऱ्याला किंवा मुरघासाच्या दोन जातींची तुलना करणाऱ्याला क्रम पुरतो. आकड्यातून ऊर्जा काढून आहार बसवणाऱ्याला आकडाच लागतो. हे आधी न ठरवता सुरू केलेली तुलना शेवटी वादात अडकते.

पायरी २: आधी घर नीट करा

दुसऱ्या प्रयोगशाळेशी तुलना करण्याआधी आपली प्रयोगशाळा स्वतःशी जुळते का ते बघा. त्यासाठी एक प्रमाण चारा हवा. चांगले वाळलेले गवत किमान दोन-तीन वर्षे पुरेल इतके घ्या, एकदम दळा, नीट मिसळा आणि हवाबंद डब्यांत, कोरड्या थंड जागी ठेवा. शक्य असेल तर दुसरा प्रमाण नमुना पिष्टमय ठेवा, कारण गवत आणि पिष्ट आंबवणारे सूक्ष्मजीव वेगळे असतात, आणि एकाचे बिघडले तरी दुसऱ्याचे ठीक असू शकते.

प्रत्येक फेरीत हे दोन्ही नमुने ठेवायचेच. त्यांचे आकडे एका कागदावर तारखेप्रमाणे बिंदू मांडून भिंतीवर लावा. हा तक्ता संगणकात दडवू नका; तो रोज डोळ्यांसमोर असला तरच उपयोगी पडतो. आमच्याकडे एकदा गवताचा बिंदू दर फेरीत थोडा थोडा खाली सरकत होता. द्रव बदलून पाहिला, जनावरांचा आहार तपासला, माध्यम नव्याने केले. शेवटी कळले की चक्कीची चाळणी झिजून तिची काही भोके मोठी झाली होती आणि नवे नमुने जाडसर दळले जात होते. प्रमाण गवत संपत आले म्हणून त्याच चक्कीवर नव्याने दळले होते. तक्ता नसता तर ती घसरण आम्ही चाऱ्याच्या माथी मारली असती.

होहेनहाइम पद्धतीत प्रमाण नमुन्याचा ठरलेला आकडा भागिले आजचा आकडा असा गुणक काढतात, आणि तो ०.९ ते १.१ च्या बाहेर गेला तर फेरी बाद करतात. समजा ठरलेला आकडा ४४ आहे. आज ४२ आला तर गुणक १.०५, फेरी चालेल. आज ३८ आला तर १.१६, फेरी गेली. नवख्यांना इथे मोह होतो की ३८ ला १.१६ ने गुणून पुढे जावे. तसे करू नका. इतका फरक म्हणजे द्रवात काहीतरी गडबड आहे, आणि ती गडबड सगळ्या चाऱ्यांना सारख्या प्रमाणात बाधते असे समजायला आधार नाही.

पायरी ३: नमुना

इथे थोडक्यात सांगतो, कारण हे सगळे लिहून ठेवणे सोपे आहे. वाळवण्याचे तापमान ठरवा आणि ६० अंशांच्या वर जाऊ नका, नाहीतर साखर आणि प्रथिने एकमेकांत बांधली जातात आणि चारा खरा होता त्यापेक्षा कमी आंबतो. मुरघास वाळवताना त्यातली आम्ले आणि अल्कोहोल उडून जातात, म्हणून मुरघासाच्या तुलनेत वाळवण्याची पद्धत सगळ्यांची एकच हवी. चाळणी १ मि.मी. असली तरी चक्कीचा प्रकार लिहा. हातोड्यांची चक्की आणि वाऱ्याच्या भोवऱ्यावर चालणारी चक्की एकाच चाळणीतून वेगवेगळ्या बारकाईचे पीठ देतात. आणि वजन करताना हवेतला ओलावा गृहीत धरू नका: त्याच दिवशी वेगळा नमुना १०५ अंशांवर वाळवून शुष्क पदार्थ काढा.

पायरी ४: रुमेन द्रव

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, म्हणून इथे घाई करू नका. रसायन बाटलीतून येते, त्याची शुद्धता वेष्टनावर छापलेली असते. रुमेन द्रव जिवंत जनावरातून येतो आणि त्यात काय आहे ते जनावराने काल काय खाल्ले यावर ठरते. भरपूर धान्य खाणाऱ्या गायीच्या द्रवात पिष्ट आंबवणारे सूक्ष्मजीव जोरात असतात, गवतावरच्या गायीच्या द्रवात तंतू फोडणारे. तीच गव्हाच्या भुशाची पुडी या दोन द्रवांत टाकली तर दोन आकडे येणारच.

म्हणून दात्या जनावरांचा आहार ठरवून घ्या आणि फेरी सुरू होण्याच्या किमान दोन-तीन आठवडे आधीपासून तोच ठेवा. एकाच जनावरावर विसंबू नका. दोन किंवा तीन जनावरांचा द्रव सारख्या प्रमाणात मिसळा. द्रव घेण्याची वेळ ठरवा. सकाळच्या खुराकाआधी घेतलेला द्रव दिवसागणिक कमी बदलतो, म्हणून तुलनेसाठी मी तीच वेळ सुचवेन. खुराकानंतर घेतला तर सूक्ष्मजीव जोमात असतात, पण किती वेळाने घेतला यावर आकडा डोलतो. द्रव जनावराच्या कुशीत शस्त्रक्रियेने केलेल्या कायमच्या छिद्रातून घेतला, नळीने तोंडातून घेतला की कत्तलखान्यातून आणला, हेही लिहा. नळीने घेताना लाळ मिसळते आणि पीएच वर जातो. छिद्र असलेल्या जनावरांसाठी नैतिक समितीची परवानगी लागते, आणि त्यांची देखभाल हा प्रयोगाचाच भाग समजा: भेदरलेले, उपाशी किंवा आजारी जनावर चांगला द्रव देऊ शकत नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याला तसे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

वाहतुकीत थर्मास आधी गरम पाण्याने तापवून घ्या आणि काठोकाठ भरा, म्हणजे वर हवा उरत नाही. मलमलच्या चार पदरांतून गाळण्याचा प्रघात आहे, पण मलमल मलमलीत फरक असतो. शक्य असेल तर ठरावीक भोकांची जाळी वापरा. गाळण्याआधी चोथा हलकेच दाबायचा की नाही तेही ठरवा, कारण बरेचसे सूक्ष्मजीव चाऱ्याच्या तुकड्यांना चिकटून असतात आणि चोथ्यासोबत फेकले जातात. द्रव घेतल्यापासून बाटलीत जाईपर्यंतची मिनिटे घड्याळ लावून लिहा. अर्ध्या तासात काम उरकणारी आणि दोन तास लावणारी प्रयोगशाळा एकाच पद्धतीचे नाव घेत असल्या, तरी त्या एकच चाचणी करत नाहीत.

पायरी ५: माध्यम

पाककृती सगळ्यांना एकच द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. द्रव आणि माध्यमाचे प्रमाण १:२, १:४, १:९ असे वेगवेगळ्या पद्धतींत वेगवेगळे असते, आणि द्रव जितका पातळ, तितकी सुरुवातीची सुस्ती जास्त. माध्यमातून कार्बन डायऑक्साइड किती वेळ सोडला, ऑक्सिजन काढणारे द्रावण कधी घातले, हेही ठरवावे लागते. यासाठी रेझाझुरीन हे सूचक फार कामाचे आहे: ऑक्सिजन शिल्लक असेल तर माध्यम गुलाबी दिसते, तो गेला की रंग उडतो. गुलाबी माध्यमात कधीही द्रव घालू नका. रंग जायला रोजच्यापेक्षा जास्त वेळ लागला तर तोही आकडा वहीत लिहा. पुढे कारण शोधताना अशाच नोंदी कामी येतात.

पायरी ६: वायू मोजताना हवामान आणि उंची विसरू नका

नव्या माणसाला ही पायरी सहसा कोणी सांगत नाही. वायूचे आकारमान तापमान आणि दाबावर अवलंबून असते, हे शाळेत शिकतो आणि प्रयोगशाळेत विसरतो. ३९ अंशांवर मोजलेले ४० मि.ली. २० अंशांवर सुमारे ३७.६ मि.ली. होतात. एका प्रयोगशाळेने पाण्याच्या टबात असतानाच वाचले आणि दुसरीने टेबलावर थंड होऊ दिले, तर सहा टक्के फरक तिथेच पडला.

उंचीचा परिणाम याहून मोठा. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे १०१३ हेक्टोपास्कल, आणि १००० मीटर उंचीवर साधारण ९००. तितकाच वायू, म्हणजे तितकेच रेणू, खाली ४० मि.ली. जागा घेत असतील तर वर सुमारे ४५ मि.ली. घेतात. यात सूक्ष्मजीवांचा काडीचाही हात नाही. यावर सोपा उपाय आहे: प्रत्येक वाचनासोबत त्या क्षणाचा हवेचा दाब आणि तापमान लिहा, आणि अहवाल मिलिमोलमध्ये द्या. १०१३ हेक्टोपास्कल आणि ३९ अंशांवर १ मिलिमोल वायू सुमारे २५.६ मि.ली. जागा घेतो, तेव्हा मिलिलिटर हवे असतील त्याला ते एका गुणाकारात मिळतात.

उपकरणांच्या प्रकारातही फरक लपलेला असतो. काचेच्या सिरिंजमध्ये वायू दट्ट्याला सरकवतो आणि दाब जवळजवळ बाहेरच्याइतकाच राहतो. बंद बाटलीत दाब वाढत जातो, आणि दाबाखाली कार्बन डायऑक्साइड द्रवात जास्त विरघळतो. म्हणून बंद बाटली आणि ठरावीक दाबाला वायू बाहेर सोडणारी बाटली यांचे आकडे थेट शेजारी ठेवू नयेत. दाब किती झाला की वायू सोडायचा, बाटलीत वर मोकळी जागा किती आणि बाटली हलवायची की स्थिर ठेवायची, या तिन्ही गोष्टी पद्धतीत लिहा. सिरिंज वापरत असाल तर दट्ट्याला पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या आणि अडकून चालणारी सिरिंज सरळ बाजूला ठेवा.

पायरी ७: हिशेब एकच ठेवा

चारा न घातलेल्या, फक्त द्रव आणि माध्यमाच्या बाटल्या किमान तीन लावा. त्यांना ब्लँक म्हणतात. समजा ब्लँकची सरासरी ८ मि.ली. आली, नमुन्याची बाटली ४६ मि.ली. आणि तिच्यातला शुष्क पदार्थ २०५ मि.ग्रॅ. तर आकडा (४६ − ८) × २०० ÷ २०५, म्हणजे ३७.१ मि.ली. प्रति २०० मि.ग्रॅ. शुष्क पदार्थ. कोणी तो ग्रॅममागे सांगतो, कोणी सेंद्रिय पदार्थामागे. एकक न लिहिलेला आकडा मला आला तर मी तो वापरतच नाही.

वायू वाढण्याच्या वेगाचे समीकरण बसवताना आणखी जपा. एकाने ३, ६, ९, १२, २४, ४८ तासांना वाचले आणि दुसऱ्याने फक्त ६, २४, ४८ ला, तर शेवटची उंची जवळपास सारखी येईल, पण वेगाचा आकडा दूर जाईल. सुरुवातीची सुस्ती धरणारे आणि न धरणारे समीकरण एकाच माहितीवर वेगळा वेग देते. म्हणून भाग घेणाऱ्या सगळ्यांनी कच्ची वाचने एका ठिकाणी पाठवावीत आणि समीकरण एकाच हाताने बसवावे.

आणि एक चूक जी अनुभवी लोकही करतात: एका फेरीतल्या तीन बाटल्या म्हणजे तीन स्वतंत्र पुनरावृत्ती नव्हेत. त्यांच्यात द्रव एकच आहे. पुनरावृत्ती म्हणजे वेगळ्या दिवशी, नव्याने घेतलेल्या द्रवाची फेरी. अशा किमान तीन फेऱ्या करा.

पायरी ८: रिंग टेस्ट

आता प्रयोगशाळा एकमेकींशी जोडायच्या. एकच नमुना सगळ्यांना पाठवून निकाल ताडून पाहण्याला रिंग टेस्ट म्हणतात. नमुने एका ठिकाणी तयार करून पुड्या करा, आणि त्यांतल्या किमान दहा पुड्या दोनदा तपासून बघा की सगळ्या सारख्या आहेत. पुड्यांतच फरक असेल तर पुढचे सगळे कष्ट वाया.

इथे एक निर्णय घ्यावा लागतो. दळलेला नमुना पाठवला तर फक्त किण्वन आणि मोजणी तपासली जाते. न दळलेला पाठवला तर चक्की आणि वाळवणेही तपासले जाते. पहिल्यांदा दळलेलाच पाठवा असे मी म्हणेन, नाहीतर फरक कुठला आहे हे वेगळे काढता येत नाही. किमान पाच प्रकारचे चारे घ्या, कमी आंबणाऱ्यापासून जास्त आंबणाऱ्यापर्यंत, आणि शक्य झाल्यास आठ किंवा जास्त प्रयोगशाळा. पुड्यांवर सांकेतिक अंक लिहा आणि एक चारा दोन वेगवेगळ्या अंकांखाली पाठवा. तो दोनदा आहे हे कोणाला सांगू नका. अपेक्षित आकडा माहीत असला की हात नकळत तिकडे वळतो.

पायरी ९: निकाल वाचणे

आधी आकड्यांची चित्रे बघा, मग गणित. दोन मिळत्याजुळत्या चाऱ्यांचे आकडे आडव्या आणि उभ्या अक्षावर मांडा, प्रत्येक प्रयोगशाळेचा एक बिंदू. बिंदू गोल ढगासारखे विखुरले असतील तर फरक योगायोगाचा आहे. ते तिरक्या रेषेवर, खालून डावीकडून वर उजवीकडे, पसरले असतील तर काही प्रयोगशाळा नेहमीच जास्त आणि काही नेहमीच कमी वाचतात. किण्वनाच्या चाचण्यांत बहुधा तिरकी रेषाच दिसते. ही आशेची गोष्ट आहे, कारण नेहमी एकाच बाजूला जाणाऱ्या फरकाला कारण असते आणि ते सापडू शकते.

मग आयएसओ ५७२५ या मोजणीच्या अचूकतेच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे दोन आकडे काढा. एकाच प्रयोगशाळेतले प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरतात ते, आणि प्रयोगशाळांमधला फरक धरून एकूण. समजा पहिला १.५ मि.ली. आहे आणि प्रयोगशाळांमुळे पडणारा भाग ३ मि.ली. दोघांचे वर्ग मिळवून मूळ काढले की एकूण ३.३५ येतो. त्याला २.८ ने गुणले की ९.४: म्हणजे दोन प्रयोगशाळांतले दोन आकडे ९.४ मि.ली. इतके दूर असले तरी ते या पद्धतीत अपेक्षित आहे. तीच मर्यादा एका प्रयोगशाळेत ४.२ असते. सुरुवातीच्या उदाहरणातले ४१ आणि ४८ या हिशेबात बसतात. त्या दोन प्रयोगशाळांपैकी कोणीच चुकलेले नव्हते. पद्धतच अजून तितकी बांधलेली नव्हती.

प्रत्येक प्रयोगशाळेला तिचा झेड-गुण कळवा: तिचा आकडा वजा ठरलेला आकडा, भागिले ठरलेले विचलन. २ च्या आत ठीक, २ ते ३ मध्ये लक्ष द्या, ३ च्या पुढे कारण शोधाच. बाहेर पडलेला आकडा केवळ संख्याशास्त्राची चाचणी म्हणते म्हणून काढू नका. आधी त्या प्रयोगशाळेला फोन करा, तिची वही मागवा.

पायरी १०: फरक सापडला, पुढे काय

क्रम असा ठेवा. एकक आणि हिशेब. मग तापमान व दाबाची दुरुस्ती. मग ब्लँक: एखाद्याचा ब्लँक इतरांच्या दुप्पट असेल तर त्याच्या द्रवात न आंबलेला चारा उरलेला असतो, आणि जनावराच्या खुराकाची वेळ विचारा. मग माध्यमाचे प्रमाण, मग दळण. जनावराचा आहार शेवटी, कारण तो बदलायला आठवडे लागतात.

एवढे करूनही फरक राहिला तर माणसे बदलून बघा. एका प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ दुसरीकडे जाऊन, त्यांच्याच द्रवाने आणि त्यांच्याच बाटल्यांनी एक पूर्ण फेरी करेल, आणि शेजारच्या टबात तिथली माणसे तीच फेरी करतील. दोघांचे आकडे जुळले तर फरक द्रवात किंवा उपकरणात आहे. जुळले नाहीत तर दोघांनी एकमेकांच्या शेजारी उभे राहून काम पहिल्यापासून पुन्हा करावे, आणि तिसऱ्याने हातात घड्याळ आणि वही घेऊन दोघांकडे बघत बसावे. द्रव गाळताना एक जण कापड पिळतो आणि दुसरा नुसते निथळू देतो, हे फक्त असेच दिसते.